हास्याचे दान

यवतमाळ जिल्ह्यात कळंब नावाचे गाव आहे. वर्ध्याकडून यवतमाळास जाणाऱ्या मार्गावर ते वसलेले आहे. येथील श्रीचिंतामणीचे मंदिर प्रसिद्ध आहे. अन्य देवळांत देवदर्शनासाठी पायऱ्या चढून जावे लागते; कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घ्यावयाचे, तर पायऱ्या उतराव्या लागतात. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. गावाभोवती कापसाची आणि तुरीची शेते पसरलेली आहेत. 2024 साली वर्धा–कळंब हा लोहमार्ग सुरू झाला आणि गावात आगगाडी येऊ लागली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून बैलगाडीच्या आणि मोटारीच्या वाटेने ह्या मुलखात एक पाहुणा येत असे. तो पाहुणा म्हणजे फिरता रंगमंच.

वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. कापूस वेचून झाला, गाड्या भरून जिनात गेल्या आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले, म्हणजे गावोगावच्या लोकांना करमणुकीची ओढ लागे. कुठे दंडार रंगे, कुठे कीर्तन होई, कुठे तमाशाचा फड उभा राही. मोठ्या शहरांत नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत. कनाती ठोकल्या जात, पडदे टांगले जात, दिव्यांचा लखलखाट होई आणि दिवसभर उन्हात राबलेली माणसे रात्री पोट धरधरून हसत. पुढे मुक्काम हलला, की कनाती गुंडाळल्या जात आणि मैदान पुन्हा ओस पडे.

मग मागे काय राहिले? घटकाभराचे हसू वाऱ्यावर विरून गेले, की त्याचा कोणास काही उपयोग झाला? असा प्रश्न पुष्कळ शहाणी माणसे विचारीत आली आहेत. ‘नाटके पाहून कोणाचे पोट भरते?’ असेही कित्येकजण म्हणतात. ह्या प्रश्नाला महाराष्ट्रातील एका जोडप्याने आपल्या कृतीने उत्तर दिले. ते जोडपे म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई.

लोककार्यासाठी नाटकाचा प्रयोग करण्याची चाल मराठी रंगभूमीवर त्यांच्या आधीपासून होती. 8 जुलै 1921 रोजी मुंबईस झालेला ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग आजही लोकांच्या स्मरणात आहे. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व हे त्या काळचे दोन थोर गायक नट. त्यांच्या मंडळ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी मानल्या जात. परंतु लोकमान्य टिळकांच्या नावाने उभारल्या जाणाऱ्या स्वराज्य फंडासाठी ते दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. चढाओढ बाजूस सारून कलावंतांनी आपली कला देशाच्या झोळीत टाकली. ही परंपरा पु. ल. देशपांड्यांना मिळाली. त्यांनी तिला विनोदाची जोड दिली.

पुरुषोत्तमाचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 रोजी मुंबईस झाला. गाणे, पेटीवादन, नकला आणि वाचन ह्यांची आवड त्यांस बालपणापासून होती. तरुणपणी त्यांनी शाळेत शिकविले, पुढे बेळगावच्या महाविद्यालयात अध्यापन केले, चित्रपटांसाठी कथा व संगीत लिहिले, आकाशवाणीवर काम केले आणि दिल्लीस दूरदर्शनच्या प्रारंभीच्या काळात कार्यक्रमही सिद्ध केले. इतक्या गोष्टी त्यांनी केल्या. पण महाराष्ट्राने त्यांस ओळखले ते विनोदासाठी. त्यांच्या विनोदाला काटे नव्हते. ज्याच्यावर ते विनोद करीत, तो माणूसही हसत हसत आपल्या घरी जाई. लोक त्यांस लाडाने नुसते ‘पु. ल.’ म्हणू लागले.

1958 साली त्यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबईतील एका जुन्या चाळीत दाटीवाटीने राहणाऱ्या मध्यमवर्गीय माणसांच्या ह्या कथा. 1961 साली पु. लं.नी ह्याच पुस्तकाचा रंगमंचावर प्रयोग सुरू केला. हा प्रयोग पाहून लोक थक्क झाले, कारण रंगमंचावर नट एकच होता! चाळीतील म्हातारे, तरुण, बायका, मास्तर, गवई, भांडखोर, भोळे अशी सारी मंडळी तो एकटाच उभी करी. आवाज बदलला, मान जराशी कलली, हाताची एक ठेवण बदलली, की दुसरा माणूस प्रेक्षकांसमोर प्रकट होई. एक माणूस मोकळ्या रंगमंचावर उभा राहून सारी चाळ वसवी आणि शेकडो प्रेक्षकांना हसवता हसवता मध्येच त्यांचे डोळे ओले करी.

त्यानंतर 1962 साली ‘वाऱ्यावरची वरात’ रंगभूमीवर आली. ही मात्र एकट्याची नव्हे, तर चांगली भरगच्च वरात होती. निरनिराळ्या प्रसंगांची हलकीफुलकी गुंफण तिच्यात होती आणि पु. लं.बरोबर अनेक कलावंत तिच्यात कामे करीत. सुनीताबाईही त्यांत होत्या. तिकिटांच्या खिडकीवर पहाटेपासून रांगा लागत आणि थोड्याच वेळात ‘सर्व तिकिटे संपली’ अशी पाटी झळके.

ह्या यशामागे एक हात पडद्याआड राबत होता. तो सुनीताबाईंचा. सुनीताबाई मूळच्या रत्नागिरीच्या. 1942 च्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी भाग घेतला होता. 12 जून 1946 रोजी त्यांचा पु. लं.शी विवाह झाला. पु. ल. जितके मोकळे आणि गप्पिष्ट, तितक्या सुनीताबाई नेटक्या आणि काटेकोर. प्रयोग वेळेवर सुरू झाला पाहिजे, हिशेब पैशापैशाचा लागला पाहिजे आणि दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे, ह्या गोष्टींवर त्यांचा कटाक्ष असे. ओळखीच्या माणसांना फुकट तिकिटे वाटण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. काहींना हा कडकपणा खटके; परंतु त्यामागे विचार होता.

तो विचार समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका नाट्यगृहात 600 खुर्च्या आहेत आणि प्रत्येक तिकीट दोन रुपयांचे आहे. सर्व तिकिटे विकली गेली, तर 1200 रुपये जमतील. हे सगळेच पैसे सत्कार्याला देता येतील काय? नाही. नाट्यगृहाचे भाडे द्यावयाचे असते. दिवे लावणारा, पडदा ओढणारा, सामान वाहणारा, तिकिटे विकणारा ह्या कष्टकऱ्यांची मजुरी चुकवून चालत नाही. गाडीभाडे असते, जाहिरात असते. समजा, हा खर्च 700 रुपये झाला. म्हणजे उरले 500. आता आयोजकाने संकोचाने शंभर ओळखीच्या माणसांना फुकट बसविले, तर 200 रुपये कमी होतील. खर्च मात्र कमी होणार नाही. मग हाती राहतील केवळ 300. फुकट पाहणाऱ्याला वाटते, की आपण नाटक मंडळीची एक खुर्ची अडविली. वस्तुतः त्याने ज्याला मदत पोचावयाची, त्याच्या ताटातील घास उचललेला असतो. दानाचा आरंभ देणगीच्या वेळी होत नाही. तो चोख हिशेबापासून होतो. ही गोष्ट सुनीताबाईंनी पुरती ओळखली होती.

प्रयोगांना आणि पुस्तकांना लोकांनी उदंड आश्रय दिला. पैसा आला. तो खर्च करण्याचे मार्ग पुष्कळ होते. परंतु ह्या जोडप्याच्या गरजा मोजक्या होत्या. लोकांनी हसून दिलेला पैसा लोकांकडेच परत गेला पाहिजे, असे त्यांनी ठरविले आणि त्यासाठी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान ही विश्वस्त संस्था स्थापन केली. प्रतिष्ठानाने अनेक चांगल्या कामांना मदत केली. बहुधा ती गाजावाजा न करता दिली जाई. कोण काम करतो, कसे करतो, दिलेला पैसा योग्य ठिकाणी लागेल की नाही, ह्याची पारख करून मगच देणगी दिली जाई. आणि एकदा दिली, म्हणजे तिचा पुन्हा उच्चारही होत नसे.

1986 साली पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिल अवचट ह्यांनी मादक पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी लेख लिहिले होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. केवळ हळहळून ते थांबले नाहीत. त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि डॉ. अवचट व त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट ह्यांनी केंद्र उभे केले. घरातील कर्ता माणूस व्यसनात बुडाला, म्हणजे सर्वांत अधिक सोसावे लागते ते मुलांना. त्यांची वह्या-पुस्तके, त्यांचे दूध, त्यांची शांत झोप ही पहिल्यांदा नाहीशी होतात. बाप बरा होऊन घरी परतला, की त्या घरातील मुलांचे हसू परत येते. रंगमंचावर निर्माण झालेले हसू असे दूरच्या अंधाऱ्या घरांत पोचले.

ह्याच प्रतिष्ठानाची एक देणगी तर खास मुलांसाठीच होती. पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. 1988 साली तिची स्थापना झाली. थोर शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक-संचालक. ग्रह-ताऱ्यांचे गहन संशोधन करणाऱ्या ह्या संस्थेची दारे मुलांसाठीही उघडी असावीत, असा डॉ. नारळीकरांचा आग्रह होता. शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत. व्याख्यान संपले, की मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत. डॉ. नारळीकर त्यांना सांगत, “मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन.” अशा रीतीने मुलांना सही तर मिळेच, शिवाय प्रश्न विचारण्याची सवयही लागे.

मुलांना केवळ ऐकण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या हातांनी प्रयोग करण्यासाठी एक स्वतंत्र जागा हवी होती. 12 जून 2000 रोजी पु. ल. निवर्तले. त्यानंतर सुनीताबाई आणि प्रतिष्ठान ह्यांच्या देणगीतून आयुकाच्या आवारात मुलांसाठी एक वास्तू उभी राहिली. ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ असे तिचे नाव. ह्या वास्तूला ‘पुलस्त्य’ असेही सुंदर नाव देण्यात आले. पुलस्त्य हा आकाशातील सप्तर्षींपैकी एक तारा होय. खगोलविज्ञानाच्या संस्थेला ते नाव शोभतेच. आणि त्याची पहिली दोन अक्षरे उच्चारली, की ज्यांच्या स्मरणार्थ ती वास्तू उभी आहे, त्या ‘पु. लं.’चे नाव ओठांवर येते!

ह्या शोधिकेत मुलांना पदार्थ हाताळावयास मिळतात. येथे अरविंद गुप्ता ह्यांनी अनेक वर्षे काम केले. कानपूरच्या नामांकित संस्थेतून अभियंता झालेल्या ह्या गृहस्थांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकविण्याचे व्रत घेतले. जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या, झाडूच्या काड्या, सायकलीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी हे त्यांचे साहित्य. काड्यापेटीच्या काड्या आणि त्या रबरी नळीचे बारीक तुकडे घेऊन त्रिकोण जोडावा आणि बोटांनी दाबून पाहावा. तो आपला आकार सोडीत नाही. चार काड्यांचा चौकोन जोडून दाबावा. तो लगेच तिरका होतो. त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारी एक काडी तिरपी बसविली, की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ उभा राहतो. विजेच्या तारांचे उंच मनोरे, पूल आणि छपराच्या कैच्या ह्यांत त्रिकोणच का दिसतात, हे मुलाला असे आपल्या हातांनी कळते. नाटकाचा मंडप उभारणारा माणूस खांबाला तिरपा टेकू देतो, त्याचेही कारण हेच!

ह्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती तयार करून त्या सर्वांना विनामूल्य खुल्या करण्यात आल्या आहेत. त्यांतील कित्येक मराठीतही आहेत. म्हणून हा लाभ केवळ पुण्याच्या मुलांपुरता राहिलेला नाही. कळंबच्या शाळेतील मुलगा किंवा मुलगीही काड्या आणि रबरी नळी घेऊन तोच प्रयोग करू शकते. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. लागतात ते दोन हात आणि ‘असे का?’ हा प्रश्न.

पु. लं.च्या मार्गाने पुढे इतर कलावंतही गेले. 1980 नंतरच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा नामवंत नटनटींनी एकत्र येऊन आचार्य अत्रे ह्यांच्या ‘लग्नाची बेडी’ ह्या विनोदी नाटकाचे प्रयोग गावोगावी केले. समाजासाठी आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन मिळावे, म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभारावयाचा होता. त्यासाठी ह्या कलावंतांनी प्रवासाचे श्रम सोसले. निधीच्या नावातच त्याचे मर्म आहे. त्यांनी त्याला ‘दान’ म्हटले नाही, ‘कृतज्ञता’ म्हटले. जो इतरांसाठी झिजतो, त्याच्यावर आपण उपकार करीत नाही. त्याचे ऋण अंशतः फेडतो.

हसविणारा माणूस थोर कशामुळे ठरतो, हे ह्या गोष्टींवरून कळून येते. लोकांच्या टाळ्या सर्वच यशस्वी नटांना मिळतात. पु. ल. आणि सुनीताबाई ह्यांना त्या मिळाल्याच. परंतु त्या टाळ्यांबरोबर आलेला पैसा आपला नसून आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे, असे मानून त्यांनी तो सांभाळला. एकाने हसविले, दुसरीने हिशेब ठेवला. हसविणाऱ्याचे नाव घरोघरी पोचले. हिशेब ठेवणारीचे नाव त्या मानाने थोड्यांना माहीत झाले. तथापि दोहोंपैकी एक जरी उणे पडते, तरी मुलांची ती वास्तू उभी राहिली नसती. सुनीताबाई 7 नोव्हेंबर 2009 रोजी निवर्तल्या. दुसऱ्याच दिवशी पु. लं.चा जन्मदिवस होता.

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत शेतातील कामे उरकलेली असतात. उन्हाची काहिली निवल्यावर कळंबच्या मोकळ्या रानात रात्री उत्तरेकडे पाहिले, म्हणजे सप्तर्षी ठळक दिसतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्यामागे तीन ताऱ्यांची वळलेली शेपटी. चौकोनाच्या पुढच्या बाजूने मोजू लागावे: क्रतू, पुलह आणि तिसरा पुलस्त्य. पूर्वी ज्या रात्री ह्या मुलखात कनातींच्या आत हशा पिकत असे, त्या रात्रीही तो तारा तेथेच होता. आज त्याच्या नावाच्या घरात मुले प्रश्न विचारीत आहेत. घटकाभराचे हसू वाऱ्यावर विरून जाते, असे म्हणणाऱ्यांना त्या ताऱ्याकडे बोट दाखवावे.

शब्दार्थ

कनात – तंबूभोवतीची कापडी भिंत. दंडार – विदर्भातील एक लोकनाट्य. कटाक्ष – आग्रह, बारीक लक्ष. आश्रय – आधार, पाठिंबा. विश्वस्त संस्था – लोकहितासाठी ठेवलेला पैसा सांभाळणारी संस्था. कैची – छपराला आधार देणारी लाकडी अथवा लोखंडी चौकट. निवर्तणे – मृत्यू पावणे. काहिली – अंगाची आग, तलखी. ठेव – सांभाळण्यासाठी सोपविलेली वस्तू किंवा पैसा.

स्वाध्याय

1. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कळंबच्या चिंतामणी मंदिराचे वैशिष्ट्य कोणते?
(आ) ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग कोणत्या कार्यासाठी झाला?
(इ) ‘बटाट्याची चाळ’ हा प्रयोग पाहून लोक थक्क का झाले?
(ई) डॉ. नारळीकर मुलांना पोस्टकार्ड पाठविण्यास का सांगत?

2. कारणे द्या.
(अ) सुनीताबाईंना फुकट तिकिटे वाटणे मान्य नव्हते.
(आ) व्यसनमुक्ती केंद्राला दिलेली मदत मुलांपर्यंतही पोचली.
(इ) ‘पुलस्त्य’ हे नाव त्या वास्तूला दोन प्रकारे शोभते.

3. पाठातील उदाहरणात फुकट बसविलेल्यांची संख्या दीडशे झाली, तर सत्कार्यासाठी किती रुपये उरतील? ती रक्कम मूळच्या 500 रुपयांच्या किती पट आहे?

4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: पोट धरून हसणे, थक्क होणे, मदतीचा हात पुढे करणे, ऋण फेडणे.

5. ‘दान’ आणि ‘कृतज्ञता’ ह्या दोन शब्दांतील भेद आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

6. उपक्रम: काड्यापेटीच्या काड्या आणि रबरी नळीचे तुकडे घेऊन त्रिकोण व चौकोन करून पाहा. आपल्या गावात त्रिकोणाचा असा उपयोग कोठे कोठे केलेला आढळतो, त्याची यादी करा.